नकाशातील इमारत आणि जागेवरील इमारत

बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याविषयी एक आख्यायिका पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. या राजवाड्याचा आराखडा काढणारे मेजर चार्ल्स मँट हे काम पुरे होण्यापूर्वीच 1881 साली वारले. आपल्या हिशोबात कोठे तरी चूक झाली आहे आणि आपण उभारीत असलेल्या इमारती एक ना एक दिवस ढासळणार, अशा धास्तीने त्यांना घेरले होते व त्या धास्तीनेच त्यांचा अंत झाला, असे लोक म्हणतात. आख्यायिका ती आख्यायिकाच. राजवाडा मात्र रॉबर्ट चिझम यांच्या देखरेखीखाली 1890 साली पुरा झाला आणि आजतागायत जागचा हललेला नाही. कोल्हापूरचा नवा राजवाडा हीही मँट यांचीच रचना. तोही खुशाल उभा आहे.

ही कथा लोकांच्या तोंडी इतकी वर्षे का टिकली असावी? तिच्यात एका खऱ्या भीतीला वाचा फुटली आहे म्हणून. इमारतीची कल्पना करणारा माणूस टेबलापाशी बसून कागदावर रेघा ओढतो. त्या रेघांचे दगडविटांत रूपांतर दुसरेच लोक, दुसऱ्याच जागी, ऊनपावसात करीत असतात. कागदावर जे आहे तेच तेथे उभे राहिले की नाही, हे त्याला कळायचे कसे? खरे पाहता प्रत्येक इमारत ही दोन इमारती असतात. एक असायला हवी ती, आणि एक आहे ती. पहिली नकाशात राहते, दुसरी जागेवर. दोहोंमधील अंतर किती, आणि ते वेळीच कोणाच्या ध्यानी येते, या प्रश्नावर आजवर पैशांच्या राशी गेल्या आहेत आणि माणसांचे प्राणही गेले आहेत.

पूर्वी हे अंतर फारसे नव्हते, कारण कल्पना करणारा आणि बांधणारा एकाच जागी उभे असत. आपल्या प्राचीन शिल्पग्रंथांत स्थपती, सूत्रग्राही, तक्षक व वर्धकी असे चार कारागीर सांगितले आहेत. त्यांतील सूत्रग्राही म्हणजे हाती मापाची दोरी धरणारा. स्थपतीच्या मनात जे आहे ते जमिनीवर उतरले की नाही, हे त्या दोरीने पाहणे हे त्याचे काम. मराठीतला ‘सुतार’ हा शब्द ‘सूत्रधार’ या शब्दावरूनच आला. आमचे गवंडी अजूनही इंचाच्या आठव्या हिश्शाला ‘सूत’ म्हणतात आणि भिंत एका सुताने बाहेर गेली की ओळंबा सोडून ती तेथल्या तेथे सरळ करतात. ओळंबा, गुण्या, पाणसळ आणि लाइनदोरी एवढ्या साहित्यावर इमारतीच्या इमारती उभ्या राहिल्या. चूक दिसली की ती दुरुस्त करण्याचा अधिकार चूक पाहणाऱ्याच्याच हाती होता, हे त्या व्यवस्थेचे खरे बळ होते.

एकोणिसाव्या शतकात हे चित्र पालटले. रेल्वे, पूल, कालवे, कचेऱ्या यांची बांधकामे इतकी मोठी आणि एकमेकांपासून इतकी दूर होऊ लागली की, नकाशा एका शहरात आणि काम दुसऱ्या जिल्ह्यात, हा नित्याचा प्रकार झाला. जॉन हर्शेल यांनी 1842 साली शोधून काढलेल्या निळ्या छपाईच्या रीतीमुळे पुढे एका नकाशाच्या हव्या तितक्या प्रती निघू लागल्या. सोय मोठी झाली. पण एका प्रतीवर केलेली दुरुस्ती दुसऱ्या प्रतीवर आपोआप उमटत नसे. मुकादमाच्या हाती जुना नकाशा आणि साहेबाच्या कपाटात नवा, यातून किती भांडणे आणि किती तोडफोड झाली असेल याची गणती नाही. उलट दिशेने, म्हणजे जागेवरून कचेरीकडे, जे येई ते बहुतेक मोजमापाच्या वहीतून. बांधकाम खात्याशी ज्यांचा थोडाही संबंध आला आहे त्यांना ही ‘एम. बी.’ ठाऊक आहे. पृष्ठांक घातलेले, खाडाखोडीला मनाई असलेले ते पुस्तक मोठे शिस्तीचे. परंतु त्याचा हेतू कंत्राटदाराला पैसे किती द्यावयाचे हे ठरविण्याचा. भिंत किती घनफूट झाली हे त्यात सापडते. ती नकाशातल्या जागेपासून किती सरकली हे शोधू गेल्यास सहसा सापडत नाही. नकाशा आज्ञा देई आणि वही हिशोब देई. त्या दोघांची समोरासमोर गाठ क्वचितच पडे.

ही गाठ घालून द्यावीच लागेल, अशी वेळ एका इमारतीने आणली. ऑस्ट्रेलियातील सिडनी बंदराच्या काठी, बेनेलाँग पॉइंट नावाच्या भूशिरावर, जे संगीत-नाट्यगृह उभे आहे तीच ही इमारत. तिच्यासाठी जागतिक स्पर्धा झाली, 233 आराखडे आले, आणि जानेवारी 1957 मध्ये यॉर्न उत्सोन या अडतीस वर्षांच्या डॅनिश वास्तुशिल्पीचा आराखडा निवडला गेला. तो आराखडा म्हणजे खरे तर स्वप्नच होते. पाण्याच्या काठी शिडे फुगावीत तशी पांढरी कवचे एकामागून एक उभी राहिलेली. ही कवचे कोणत्या भौमितिक आकाराची, ती कशी पेलायची, हे कोणालाच सांगता येत नव्हते. तरीही राज्याचे मुख्यमंत्री जोसेफ केहिल यांच्या आग्रहावरून मार्च 1959 मध्ये कामास प्रारंभ झाला. राजकारणात धीर धरणे परवडत नाही, आणि केहिल त्याच वर्षी वारले हे पाहता त्यांची घाई अगदीच अनाठायी होती असेही म्हणवत नाही. पण छप्पर ठरण्याआधी चौथरा बांधण्याची जी किंमत द्यावी लागते ती द्यावीच लागली. पुढे कवचांचे वजन निश्चित झाले तेव्हा ते पेलण्यासाठी उभारलेले काही स्तंभ अपुरे ठरले. ते पाडून पुन्हा बांधावे लागले.

इकडे लंडनमध्ये ओव्ह अरुप यांच्या पेढीतील अभियंते कवचांच्या आकाराशी झगडत होते. अन्वस्त म्हणजे पॅराबोला घेऊन पाहिला, लंबवर्तुळ घेऊन पाहिले. गणित सुटेना, सुटले तर बांधता येईना. हे गणित करण्यासाठी त्यांनी फेरांटी कंपनीच्या ‘पेगॅसस’ या गणकयंत्राची मदत घेतली होती. तो काळच असा की, संगणक हा शब्दही मराठीत रुळायचा होता. शेवटी 1961 साली उत्तर सापडले, आणि ते बुचकळ्यात पाडण्याइतके सोपे होते. सर्व कवचे एकाच गोलाच्या पृष्ठभागातून कापून काढायची. त्या गोलाची त्रिज्या 246 फूट, म्हणजे सुमारे 75 मीटर. संत्र्याच्या सालीचे निरनिराळे तुकडे काढले तरी त्यांची वक्रता एकच राहते, तसाच हा प्रकार. वक्रता एक झाल्यामुळे थोड्याच साच्यांत काँक्रीटचे तुकडे ओतता येऊ लागले आणि ते एकावर एक चढवून पंख्याच्या काड्यांसारख्या फासळ्या रचता येऊ लागल्या. असे एकूण 2,194 तुकडे जागेवरच ओतले गेले. त्यांतील मोठ्यांचे वजन सुमारे पंधरा टन.

1963 साली चौथऱ्याचे काम संपून कवचांचे काम सुरू झाले ते हॉर्निब्रुक या कंत्राटदार कंपनीकडे, आणि येथेच नकाशा व जागा यांचा तो जुना प्रश्न नव्या तीव्रतेने समोर आला. विटेच्या भिंतीत चुन्याचा किंवा सिमेंटचा जाड थर असतो. गवंडी त्या थरात थोडे इकडेतिकडे करून चूक जिरवून टाकतो. येथे तुकडे इपॉक्सी या चिकट रसायनाच्या पातळ थराने जोडायचे होते. चूक जिरवायला जागाच नव्हती. एकेका जोडात एक सूत फरक पडला, तर आठ जोडांत तो इंचभर होणार; आणि दोन बाजूंनी वर चढत आलेल्या फासळ्या माथ्यावर भेटायच्या त्या एकमेकींना चुकणार. समुद्रसपाटीपासून 67 मीटर उंचीवर, हवेत, ओळंबा सोडायलाही भिंत नाही. फासळी सरळ उभी नाही, ती तिरकी होत वळत जाते. तेव्हा ती ‘बरोबर’ आहे की नाही हे डोळ्यांना दिसणेच शक्य नव्हते. ते केवळ आकड्यांत दिसू शकत होते.

म्हणून जी पद्धत बसविण्यात आली ती अशी. प्रत्येक तुकड्यावर मोजणीच्या खुणा केलेल्या असत. तुकडा यारीने वर चढवून पोलादी आधारावर टेकविला की मोजणीदार खालच्या ठराविक ठाण्यांवरून थिओडोलाइट लावून त्या खुणांचे कोन घेत. कोनांचे हे आकडे गणकयंत्रात जात आणि यंत्र सांगे की, अमुक तुकडा अवकाशात प्रत्यक्ष अमुक बिंदूवर आहे, गोलाच्या गणिताप्रमाणे तो तमुक बिंदूवर हवा होता, फरक इतका. तो फरक पाहून पुढचा तुकडा कसा टेकवायचा, कोणत्या अंगाला किंचित वळवायचा, याची सूचना जागेवर परत जाई. पुन्हा तुकडा, पुन्हा कोन, पुन्हा हिशोब. अशा रीतीने 1967 पर्यंत कवचांच्या फासळ्या उभ्या राहिल्या, आणि त्या माथ्यावर भेटल्या. फासळ्यांवर चढवायच्या फरशांच्या तबकड्याही गणितातल्या नव्हे तर प्रत्यक्ष उभ्या असलेल्या फासळ्यांवरच बसायच्या होत्या. तेव्हा ही मोजणी त्याही कामी अपरिहार्य होती. पांढऱ्या व दुधी रंगाच्या त्या फरशा संख्येने 1,056,006 असून स्वीडनमधील होगानास येथे तयार झाल्या होत्या.

सिडनीच्या या इमारतीची कथा सांगताना लोक उत्सोन यांच्या प्रतिभेविषयी सांगतात, सरकारशी बेबनाव होऊन फेब्रुवारी 1966 मध्ये त्यांनी काम सोडले हे सांगतात, आणि 70 लाख डॉलरांचा अंदाज 10 कोटी 20 लाखांवर कसा गेला हेही चवीने सांगतात. थिओडोलाइटमागे उभ्या असलेल्या मोजणीदाराचे नाव सहसा कोणी घेत नाही. तरीही कवचे डौलाने मिटली याचे अर्धे श्रेय त्याला द्यावे लागेल. सूत्रग्राहीची दोरी हजारो वर्षे जे काम करीत होती तेच त्याने केले. फक्त दोरीच्या जागी आकडे आले. नीट पाहिले तर त्या पद्धतीत विलक्षण असे यंत्र नव्हतेच. प्रत्येक तुकड्याला स्वतःची ओळख होती. नकाशा आणि जागा दोन्ही एकाच मोजपट्टीवर, एकाच आरंभबिंदूपासून मोजली जात होती. आणि मुख्य म्हणजे, पुढचा तुकडा चढण्याआधी उत्तर परत येत होते. काम संपल्यावर कळलेली चूक ही केवळ इतिहास असते. काम चालू असता कळलेली चूक हे ज्ञान असते.

योगायोग असा की, सिडनीत कवचे चढू लागली त्याच 1963 सालच्या आरंभी, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथे आयव्हन सदरलँड या तरुण संशोधकाने ‘स्केचपॅड’ नावाची आपली रचना सिद्ध केली. संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने रेघ ओढावी आणि यंत्राने ती रेघ म्हणून ओळखावी, हा तिचा चमत्कार. पुढे नकाशे यंत्रावर निघू लागले. पण त्याने मूळ दुखणे बरे झाले नाही. यंत्राने काढलेली रेघ हीही शेवटी रेघच. ती भिंत आहे हे पाहणाऱ्याने समजून घ्यायचे. हे दुखणे नेमके ओळखले ते चार्ल्स ईस्टमन यांनी. 1975 साली त्यांनी असे प्रतिपादन केले की, इमारतीचे वर्णन रेघांनी करणेच सोडून द्यावे. नकाशात एकच खांब तळछंदात एकदा, उभ्या छेदात एकदा, तपशिलात आणखी एकदा असा वारंवार काढावा लागतो. खांब बदलला की ही सारी चित्रे बदलावी लागतात आणि एखादे राहून जातेच. त्याऐवजी यंत्रात खांब ही एकच वस्तू ठेवावी, तिची लांबीरुंदी, पदार्थ, जागा सर्व तिच्यापाशीच असावे, आणि चित्रे हवी तेव्हा तिच्यातून काढावीत. आज ज्याला बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेल, संक्षेपाने ‘बिम’, म्हणतात त्या संगणकीय प्रतिकृतीचे बीज येथे आहे.

बीज पेरले गेले, पण झाड व्हायला वेळ होता. दरम्यान कान्सास सिटीचा अनर्थ घडला. त्या अमेरिकन शहरातील हयात रीजन्सी हॉटेल 1980 साली सुरू झाले. त्याच्या प्रशस्त दालनात दुसऱ्या व चौथ्या मजल्यांच्या उंचीवर येजा करण्यासाठी झुलते मार्ग होते, एकाच्या बरोबर खाली दुसरा. मूळ नकाशाप्रमाणे छतापासून निघालेल्या अखंड पोलादी सळया दोन्ही मार्गांतून आरपार खाली जायच्या होत्या. इतकी लांब सळई आटे पाडून, नट फिरवीत वर नेणे किती कटकटीचे! म्हणून पोलादकामाच्या टप्प्यावर तिचे दोन तुकडे करण्यात आले. वरची सळई छतापासून चौथ्या मजल्याच्या मार्गापर्यंत. आणि खालचा मार्ग छताऐवजी वरच्या मार्गालाच टांगलेला. बदल दिसायला किरकोळ. परिणाम असा की, वरच्या मार्गाच्या तुळईखालील नटावर पूर्वीच्या दुप्पट भार आला. नव्या नकाशावर शिक्के बसले. भाराचे गणित पुन्हा कोणी मांडून पाहिले नाही. 17 जुलै 1981 च्या सायंकाळी खाली नृत्याचा कार्यक्रम चालू असता दोन्ही मार्ग कोसळले. 114 माणसे मृत्युमुखी पडली, दोनशेहून अधिक जखमी झाली. चौकशीत आणखी एक गोष्ट बाहेर आली: मूळ नकाशातील जोडही नियमाने आवश्यक त्या भाराच्या सुमारे साठ टक्केच पेलू शकला असता. म्हणजे बदलाची बातमी गणितापर्यंत पोचली असती, तर कदाचित जुनी चूकही त्याच निमित्ताने उघडी पडती. पोचली नाही ती बातमीच.

अशा बातमीला वाट करून देणे हेच पुढच्या चाळीस वर्षांतील उद्योगाचे मर्म आहे. निरनिराळ्या कंपन्यांच्या संगणकीय प्रतिकृती एकमेकींना कळाव्यात म्हणून 1990 नंतरच्या दशकात एक सामाईक भाषा घडविण्यास सुरुवात झाली. आय.एफ.सी. या नावाने ओळखली जाणारी ही भाषा 2013 साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून पूर्णपणे मान्य झाली. तिच्यात प्रत्येक खांबाला, तुळईला, दाराला, नळाला बावीस अक्षरांचे एक नाव मिळते, आणि ते नाव जगात दुसऱ्या कोणाचे असत नाही. सिडनीच्या तुकड्यांना जी ओळख होती तिचेच हे विस्तारित रूप. आता जागेवरचा ओव्हरसियर जेव्हा नोंदवितो की अमुक खांबाचे काँक्रीट अमुक दिवशी ओतले, ठोकळ्यांची चाचणी अमुक आली, सळया बांधताना नळ आड आला म्हणून तो चार इंच सरकविला, तेव्हा ही नोंद सुट्या कागदावर न राहता त्या बावीस अक्षरांच्या नावाला जाऊन चिकटते. एखादी अडचण दिसली तर तिचे छायाचित्र, ती जेथून दिसली तो कोन आणि ती ज्या वस्तूविषयी आहे तिचे नाव, इतके एकत्र बांधून कचेरीत धाडण्याची स्वतंत्र रीतही 2010 च्या सुमारास रूढ होऊ लागली. थिओडोलाइटच्या जोडीला लेसर किरणांचे यंत्र आले. ते एका जागी उभे राहून भोवतालच्या लक्षावधी बिंदूंची अंतरे मिनिटांत टिपते. बिंदूंचा हा ढग प्रतिकृतीवर पसरला की, नकाशातील भिंत कोठे आणि खरी भिंत कोठे हे डोळ्यांदेखत दिसते.

आपल्याकडे या पद्धतीचा मोठा प्रयोग झाला तो नागपूरच्या मेट्रोत. मार्च 2019 मध्ये तिच्यातून पहिले उतारू गेले. तत्पूर्वी बांधकाम चालू असतानाच लांबी, रुंदी व उंची यांच्या जोडीला काळ आणि पैसा ही आणखी दोन परिमाणे प्रतिकृतीला देऊन, काम किती झाले आणि देय रक्कम किती हे तिच्यातूनच पाहण्याची व्यवस्था तेथे बसविण्यात आली. म्हणजे ज्या गाठीभेटीला मोजमापाची वही आणि नकाशा शतकभर मुकले होते, ती येथे घालून देण्याचा यत्न झाला.

तथापि या साऱ्याचा गौरव करताना हात जरा आखडताच ठेवावा हे बरे. अमेरिकेच्या मानक संस्थेने 2004 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, निरनिराळ्या संगणकीय व्यवस्था एकमेकींशी बोलत नसल्यामुळे त्या देशाच्या मोठ्या बांधकामांत दरसाल 15.8 अब्ज डॉलरांचे नुकसान होते असा अंदाज काढला होता. कागद गेल्याने प्रश्न जात नाही. तो कागदाऐवजी यंत्रात जाऊन बसतो, एवढेच. शिवाय नोंद करणारा माणूसच असतो. दिवस मावळताना, परांचीवरून उतरून आलेल्या दमलेल्या ओव्हरसियरला चाळीस रकाने भरण्यास सांगितले, तर तो ते कालच्यासारखेच भरून मोकळा होईल. आणि प्रतिकृती ती नोंद निमूटपणे खरी मानील. पूर्वीचा सूत्रग्राही चूक पाहताच काम थांबवू शकत असे. आजच्या ओव्हरसियरला चूक नोंदविण्याची सक्ती आहे, पण काम थांबविण्याचा अधिकार पुष्कळदा नाही. ही त्रुटी यंत्राची नव्हे आणि यंत्राने भरून येणारीही नव्हे.

या माहितीचा खरा धनी कोण, हा प्रश्न तर काम संपल्यावरच उभा राहतो. कंत्राटदार जातो, वास्तुशिल्पी जातो. इमारतीत राहणारे राहतात. लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या चोवीस मजली निवासी इमारतीला 2016 साली संपलेल्या दुरुस्तीत बाहेरून नवे आवरण चढविण्यात आले होते. 14 जून 2017 च्या पहाटे चौथ्या मजल्यावरील एका घरात लागलेली आग त्या ज्वालाग्राही आवरणातून वर पसरली आणि 72 माणसे मरण पावली. त्यानंतर डेम ज्यूडिथ हॅकिट यांनी 2018 साली जो अहवाल सादर केला त्यातील एक शिफारस प्रस्तुत विषयाच्या गाभ्याची आहे. इमारतीत काय, केव्हा, कोणी आणि कोणत्या पदार्थाचे बसविले याची नोंद आराखड्यापासून इमारतीच्या अखेरीपर्यंत अखंड, संगणकीय रूपात राखली जावी, असे त्या अहवालाने सांगितले आणि या अखंड नोंदीला ‘सोनेरी धागा’ असे नाव दिले. 2022 साली ब्रिटनमध्ये झालेल्या इमारत सुरक्षा कायद्याने उंच निवासी इमारतींसाठी हे तत्त्व बंधनकारक केले. धागा, दोरी, सूत्र; जगाच्या दुसऱ्या टोकाच्या माणसांनाही शेवटी तोच शब्द सुचला.

सिडनीच्या नाट्यगृहाचे उद्घाटन 20 ऑक्टोबर 1973 रोजी झाले. फासळ्या उभारताना एकेका तुकड्याचा पत्ता ठेवणारी ती इमारत पुढे मात्र चारचौघींसारखीच झाली. देखभालीची माहिती निरनिराळ्या विभागांत, निरनिराळ्या याद्यांत आणि असंख्य नकाशांत विखुरली. तिला पुन्हा एका सूत्रात ओवण्याचा विचार ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी हाती घेतला आणि याच इमारतीची संगणकीय प्रतिकृती देखभालीच्या कामी कशी जोडावी यावरील त्यांचा अहवाल 2007 साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी इमारत जागतिक वारशाच्या यादीत गेली. उत्सोन तेव्हा हयात होते. पुढच्याच वर्षी ते वारले. आपण कल्पिलेली इमारत पुरी झालेली त्यांनी स्वतः कधी जाऊन पाहिली नाही.

त्या पांढऱ्या कवचांवरून ठराविक काळाने काही माणसे दोर बांधून खाली उतरतात. त्यांच्या हाती लहानशी हातोडी असते. एकेका फरशीवर हलकेच ठोकायचे आणि आवाज ऐकायचा; घट्ट बसलेली फरशी एक स्वर देते, सुटू लागलेली दुसरा. कोणती फरशी कसा बोलली ते लिहून घ्यायचे आणि पुढच्या फरशीवर जायचे. अलीकडे तो आवाज यंत्राने टिपून त्या त्या फरशीच्या जागेशी जोडून ठेवण्याचे तंत्रही निघाले आहे. दोर मात्र अजून लागतोच.